शनिवारी दोनच्या आत

थॉर्नरॉइड,
रविवार, २८ मार्च १९८२

प्रिय वॉल्टर,

नाही, तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नाही. तुझ्या फरशीवाल्या मालकाने शुक्रवारी दुपारी बसून पाहिलं म्हणे, पण पाय जमिनीला टेकेनात, तेव्हा उठला. हे मला टीमचे कपडे धुणाऱ्या बाईने सांगितलं, त्यामुळे निम्मंच खरं धर.

तुझं कार्ड वाचून मात्र हसू आलं. 'काही दिवस जोनकडे समुद्रावर आलो आहे, हवा चांगली आहे.' अरे, सहा वर्षं फुटबॉलची टीम सांभाळली त्या मॅनेजरला मालकाने मोसम संपायला सात आठवडे असताना घरी बसवलं, ते गावातल्या कुत्र्यामांजरांना ठाऊक आहे, आणि तू काकूला हवा सांगतोस. तुझ्या बहिणीने, जोनने तरी खरं सांगायचं, तर ती तुझ्याहून मुखदुर्बळ. मला ही बातमी खाटकाकडे रांगेत कळली. पुढच्या बाईने मला सांगता यावं म्हणून स्वतःचा नंबर सोडला.

दुकानात बोलतात ते असं. मि. हॅलमने तुला न विचारता गुरुवारी तो ग्लेन रॅफर्टी आणला. शुक्रवारी सकाळी म्हणाला, उद्या याला खेळव. तू म्हणालास, खेळाडू तुम्ही आणा, टीम मी लावणार, आणि त्याची टाच दुखतेय. अकरा वाजता तुझ्या हातात पत्र: घरी बसा, पगार चालू राहील, पण क्लबात पाऊल टाकायचं नाही आणि क्लबातल्या कुणाशी बोलायचं नाही. बारा वाजता तू खोकं घेऊन बाहेर. खोक्यात काय होतं यावर दोन मतं आहेत.

काल मी नेहमीसारखी संचालकांच्या खोलीत चहा द्यायला होते. तुझा काका गेल्यापासून अकरा वर्षं दर शनिवारी असतेच, मला कोण काढणार? पोरं तू भिंतीवर लावून गेलेल्या यादीप्रमाणेच खेळली, कारण रॅफर्टीची टाच खरंच दुखत होती. एक-एक बरोबरी. मध्यंतरात फरशीवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, क्रॅब्ट्रीबाई, पुतण्याला जरा जगाची रीत शिकवा. मी म्हटलं, मी खेड्यातल्या शाळेत चौदाव्या वर्षापर्यंत शिकलेली बाई, मला कुठली जगाची रीत, तुम्हीच शिकवणी लावा. तो हसला. त्याला कळत नाही हीच एक मजा आहे.

खोक्यात काय होतं ते कळव. दुकानात वाट बघताहेत.

तुझी काकू,
आयडा


व्हिट्बी,
३० मार्च १९८२

प्रिय काकू,

पत्र मिळालं. खोक्यात दोन जोड बूट, शिट्टी, रेनकोट आणि चहाचा मग होता. दुकानात सांगायला हरकत नाही.

एक विनंती आहे. मि. हॅलमना फरशीवाला म्हणू नका, निदान मला लिहिताना तरी. न्हाणीघराच्या फरशा विकून त्यांनी पैसा मिळवला यात लाजण्यासारखं काही नाही, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी क्लब घेतला नसता तर तो बंदच पडला असता. शिवाय मी अजून त्यांचा नोकर आहे. करार जूनअखेरपर्यंत आहे. मला काढलेलं नाही, घरी बसवलेलं आहे. दोन्हींत फरक आहे.

काल पेपरचा बातमीदार इथवर आला होता. त्याला चहा दिला, बंदर दाखवलं. मालकांबद्दल काय सांगाल, असं त्याने तीनदा विचारलं. मी म्हटलं, मैदानाचा उत्तरेकडचा कोपरा फार ओला राहतो, तिथनं चेंडू खेळवू नये एवढं छापा. त्याने ते छापलं नाही.

राग येत नाही का, असं तुम्ही विचारणार. येतो. पण खेळाडू म्हणून आणि पुढे मॅनेजर म्हणून मी तीस वर्षं या धंद्यात आहे. चार मालक पाहिले. एकाने मला भर रस्त्यात बसमधून उतरवलं होतं. कुणाबद्दल बाहेर शब्द काढला नाही. भांडायचं ते खोलीत भांडावं, दार उघडलं की दोघं एकाच क्लबाचे. मालकाची जिरावी म्हणून आपली टीम हरावी असं ज्याला वाटायला लागलं, त्याने हा धंदा सोडावा.

टीम खालून सहावी आहे. शेवटचे चार क्लब खालच्या विभागात जातात. अजून दहा सामने आहेत, नीट खेळले तर वाचतील. ओल्या कोपऱ्याचं तुम्ही बोलता-बोलता ट्रेनरच्या कानावर घातलंत तर बरं होईल. मला बोलायची बंदी आहे, तुम्हाला नाही.

आपला,
वॉल्टर


थॉर्नरॉइड,
रविवार, ४ एप्रिल १९८२

प्रिय वॉल्टर,

तुझं पत्र बँकेच्या मॅनेजरने लिहावं तसं असतं. शेवटी शिक्का शोधला मी.

ओल्या कोपऱ्याचं सांगितलं. ट्रेनर म्हणाला, हे वॉल्टचंच डोकं. मी म्हटलं, छे, मला स्वप्न पडलं.

आता फरशीवाल्याचं ऐक. रागावू नकोस, मि. हॅलम लिहायला शाई जास्त लागते आणि माझं पेन्शन ठरलेलं. मंगळवारपासून तो स्वतः सरावाला येतो. उंटाच्या केसांचा कोट, गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी त्याने पोरांना दोन्ही बाजूंनी एकाच गोलावर हल्ला करायला लावलं, गोलकीपर रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी शिट्टी गारठून ओठाला चिकटली. पोरं तोंडासमोर साहेब म्हणतात आणि कपडे बदलायच्या खोलीत नकला करतात. कालचा बाहेरगावचा सामना हरलो, तीन-एक. रॅफर्टी नव्हताच, टाच. पण आता टाच बरी झालीय. ईस्टरच्या शनिवारी तो खेळणार असं पेपरात मोठ्या अक्षरांत आलंय, शेजारी फरशीवाल्याचा फोटो. टीमही तोच लावणार.

एक वाईट बातमी. आपला सीरिल अजून हॉस्पिटलात आहे. तुला ठाऊक नसेल, तू त्या दिवशी सरावाच्या मैदानावर होतास. ज्या गुरुवारी रॅफर्टीने सही केली, त्याच दुपारी दोनच्या सुमारास सीरिल कचेरीत पोट धरून खाली बसला. टेबलावरचे कागद तसेच टाकून त्याला उचलून नेलं. हर्नियाचं ऑपरेशन झालं. चाळीस वर्षं क्लबाचा सेक्रेटरी, आणि त्याला भेटायला गेलं कोण, तर मी आणि धुणारी बाई. फरशीवाल्याने फुलं पाठवली, त्यावर दुकानाचं कार्ड होतं.

तू हवा खा. तुझ्या बहिणीला सांग, माझ्यासाठी धुरी दिलेले मासे पाठव, नुसती हवा कळवू नको.

काकू


व्हिट्बी,
६ एप्रिल १९८२

प्रिय काकू,

हे पत्र शांतपणे पूर्ण वाचा.

शुक्रवारी मी टेबल आवरत होतो तेव्हा बाहेर जाणाऱ्या टपालाच्या ट्रेमध्ये लीगच्या पत्त्याचं एक जाड पाकीट होतं. वर रॅफर्टीचं नाव आणि तिकीट लावलेलं. मला वाटलं, आपल्याकडे ठेवायची प्रत असेल, मूळ कागद सीरिलने आदल्या दिवशीच माणसाबरोबर पाठवले असतील. तो नेहमी तसंच करतो. तुमच्या पत्रावरून कळलं की गुरुवारी दुपारी सीरिल तिथे नव्हताच. म्हणजे शुक्रवारी मी पाहिलं ते मूळ कागदच होते.

नियम असा आहे. मार्चमधल्या त्या गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत नव्या खेळाडूचे कागद लीगच्या कचेरीत पोचले नाहीत, तर खालच्या विभागात जायची भीती असलेल्या क्लबाला तो या मोसमात खेळवता येत नाही. सही गुरुवारी झाली याला अर्थ नाही. मि. हॅलमना वाटत असेल की आहे. त्यांच्या धंद्यात ऑर्डरवरची तारीख चालते. इथे कागद पोचल्याची वेळ चालते. रॅफर्टी शनिवारी उतरला आणि कुणी तक्रार केली, तर जिंकलेले गुण जातीलच, वर दंडाचेही जातील.

मि. हॅलमच्या घरी दोनदा फोन केला. माझं नाव ऐकून ठेवून दिला. क्लबात पत्र टाकलं तर त्यांची टायपिस्ट ते वकिलाकडे पाठवेल. खेळाडूंना सांगणार नाही, खेळायच्या आधी त्यांच्या डोक्यात हे नको. पेपरला तर नाहीच.

म्हणून सोबत एक बंद पाकीट आहे. आत सगळं लिहिलं आहे, नियमाच्या कलमासकट. शनिवारी चहाच्या वेळी ते मि. हॅलमच्या हातात द्या. दोनच्या आत. दोननंतर टीमची यादी रेफरीकडे जाते. माझं नाव सांगू नका, नाहीतर ते हट्टाने खेळवतील. सीरिलने हॉस्पिटलातून पाठवलं म्हणा. आत सहीही केलेली नाही.

तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे. पण हा त्यांचा क्लब आहे तसा त्या अकरा जणांचाही आहे, आणि अजून माझाही आहे.

वॉल्टर


थॉर्नरॉइड,
ईस्टर रविवार, ११ एप्रिल १९८२

प्रिय वॉल्टर,

दिलं.

आता सामन्याचं. पाच हजार माणूस. दोन-एक जिंकलो, आणि दुसरा गोल रॅफर्टीचा. हो, खेळवला त्याने. गोल कसला, चेंडू त्याच्या ढुंगणाला लागून आत गेला, पण फरशीवाला वरच्या खुर्च्यांवरून असा उड्या मारत उतरला की जणू त्याच्याच ढुंगणाला लागला. नंतर खोलीत सगळ्यांना शॅम्पेन. मला म्हणाला, बघितलंत ना क्रॅब्ट्रीबाई, टीम लावायला काही अक्कल लागत नाही. मी म्हटलं, ते तर आज सगळ्यांनीच पाहिलं.

मासे मिळाले. काटे फार आहेत, बहिणीला सांग. ईस्टरला एकटीने कोकराचं मांस काय भाजायचं, म्हणून मी मासेच खाल्ले.

काकू


व्हिट्बी,
१४ एप्रिल १९८२

प्रिय काकू,

दोन-एक वाचून आनंद झाला. ढुंगणाला लागून गेला तरी तो गोलच.

मात्र एक कळत नाही. पाकीट त्यांना दोनच्या आत मिळालं आणि तरीही त्यांनी रॅफर्टीला उतरवलं? त्यांनी ते तुमच्यासमोर वाचलं का? काय म्हणाले? कदाचित त्यांनी लीगच्या माणसाला फोन करून खास परवानगी काढली असेल. तसं असेल तर माझी भीती फुकट होती आणि तसं असावं अशी इच्छा आहे. कृपया लगेच कळवा.

इथे बरं आहे. सकाळी धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन येतो. परवा तिथे मासेमाराची पोरं खेळत होती, एकाचा डावा पाय चांगला आहे. माझी सवय जात नाही.

वॉल्टर


थॉर्नरॉइड,
२ मे १९८२

प्रिय वॉल्टर,

उत्तराला उशीर झाला. मनगट धरलं होतं. तुझी मधली दोन कार्डंही मिळाली.

त्याने वाचलं का आणि काय म्हणाला, हे मला काय माहीत? पंधरा माणसांना चहा ओतत होते मी. माणसाचं तोंड बघायला मला वेळ नसतो.

बाकी तुला पेपरात कळलंच असेल. पाहुण्या क्लबाने तक्रार केली आणि मंगळवारी लीगचं पत्र आलं. जिंकलेले तीन गुण गेले, वर दंडाचे तीन. खालून सहावे होतो, आता खालून तिसरे.

फरशीवाल्याचं तोंड बघण्यासारखं होतं. त्याच्या दुकानावर कुणीतरी रंगाने लिहिलं, फरशा लाव, टीम लावू नको. खाटकाने त्याच्या बायकोला कलेजी नाही म्हणून सांगितलं आणि ती समोर लटकत होती. दोन दिवस गावाने मजा केली. मीही केली, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही. कागद वेळेवर पाठवणं हे सेक्रेटरीचं काम होतं. शुक्रवारी सीरिलला घरी पत्र गेलं. टाके अजून ओले आहेत त्याचे. काढलं त्याला.

पोरांनी शनिवारी धावून-धावून जीव काढला. हरलो. चार सामने राहिले.

काकू


व्हिट्बी,
१७ मे १९८२

प्रिय काकू,

संपलं. दोन गुणांनी खाली गेलो. ते सहा असते तर वाचलो असतो, हे गावात लहान मूलही सांगेल. मला मि. हॅलमच्या वकिलाचं पत्र आलं, जूनची वाट न बघता करार संपवला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मालकाला तो हक्क आहे.

हे पत्र सीरिलसाठी आहे.

त्याने मला लिहिलं. अक्षर हललेलं आहे. तो म्हणतो, त्या दुपारी दुखण्यात मी पाकीट माणसाजवळ दिलं की ट्रेमध्ये टाकलं मला आठवत नाही, वॉल्ट, म्हणजे चूक माझीच असणार. त्याची बायको सांगते, तो बाजारात जात नाही. माणसं काही बोलत नाहीत, पण तो मान खाली घालून चालतो. शेवटच्या सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेत मि. हॅलमनी छापलं, 'कचेरीतील एका व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे'. नाव नाही, पण कचेरीत व्यक्ती एकच होती.

तीस वर्षं मी कुठल्याही मालकाबद्दल बाहेर बोललो नाही. येत्या शुक्रवारी बोलणार आहे. त्या बातमीदाराला मीच फोन करून बोलावलं. त्याला सांगणार की दहा एप्रिलला दोनच्या आत मि. हॅलमच्या हातात लेखी इशारा होता, तो त्यांनी खिशात घातला, आणि आता ते मला कुणी सांगितलं नाही असं खोटं बोलून एका आजारी माणसावर ढकलत आहेत.

याचा परिणाम मला ठाऊक आहे. दोन क्लबांनी माझी चौकशी केली होती. मालकाविरुद्ध पेपरात गेलेला मॅनेजर पुन्हा कुणी ठेवत नाही, आणि ठेवूही नये असं मीच आजवर म्हणत आलो. पण सीरिलने मान खाली घालून चालावं आणि मी माझ्या रीतीने स्वच्छ राहावं, हे जमत नाही.

जोनचं मत आहे की मी दहा वर्षांपूर्वीच असं बोलायला हवं होतं.

तुमच्याकडून एकच हवं. पाकीट दिलंत तेव्हा नक्की किती वाजले होते, आणि बातमीदाराने विचारलं तर तुम्ही तसं सांगाल ना? तुमच्या एका शब्दावर मी हे करतो आहे. मला दुसऱ्या कुणाचा पुरावा लागत नाही.

वॉल्टर


थॉर्नरॉइड,
बुधवार, १९ मे १९८२

वॉल्टर,

हे जलद टपालाने पाठवतेय. शुक्रवारी त्या माणसाला भेटू नकोस. फोन करून सांग, यायची गरज नाही.

आधी मी गावगप्पांनी सुरुवात केली होती. फरशीवाल्याने क्लब विकायला काढलाय वगैरे. दोन पानं झाली आणि मलाच माझा कंटाळा आला. ती शेगडीत घातली.

काल सीरिलकडे जाऊन आले. पाकीट त्याने कुणाला देणं शक्यच नव्हतं, रॅफर्टीने सही केली तेव्हा तो हॉस्पिटलात होता, हे त्याला घड्याळ लावून समजावलं. सही किती वाजता झाली ते मी धुणाऱ्या बाईकडून आणि दोन खेळाडूंकडून काढलं. चार वाजता. सीरिल दोनला पडला. त्याने तीनदा विचारलं, नक्की ना आयडा? मग रडला. हे छापायचं असेल तर खुशाल छापायला सांग, त्याला कुणाची ना नाही, आणि साक्षीला तिघं आहेत. त्याच्या बायकोने मला घरी केलेला केक दिला आणि मी खाल्ला. दोन तुकडे. मी किती निबर आहे ते तुला कळावं म्हणून सांगतेय.

पण हॅलमबद्दल तू जे बोलणार आहेस ते बोलू नकोस. सीरिलवर ढकललं हा त्याचा नीचपणा, त्याबद्दल मी त्याला भर बाजारात सुनावीन, ते माझ्याकडे लागलं. पण मला कुणी सांगितलं नाही असं जे तो म्हणतो ते खरं आहे. दोन वर्षांत तो एकदाच खरं बोलला आणि नेमकं तेव्हाच गावात कुणाला पटलं नाही.

तू शाळेत असल्यापासून तुझी गंमत करत आले. तुझं ते नीट बोलणं, बूट पुसणं, मालकाला मि. म्हणणं. तुझा काका असाच होता आणि त्याचीही केली. मला वाटायचं हा गप्प बसतो कारण याला बोलता येत नाही. आता जन्मात एकदा तोंड उघडायला निघालास, तेही माझ्या शब्दावर. आणि माझा शब्द काय होता, तर 'दिलं'. तीन आठवडे मी तो उशाशी घेऊन झोपले आणि चांगली झोप लागली. मग तीन गुण गेले, मग सीरिलची नोकरी गेली, मग झोपही गेली.

हॅलमचं नाक कापलं जाईल आणि संचालक तुला परत बोलावतील असा माझा हिशेब होता. टीम खाली जाईल हे डोक्यात आलं नाही, असं लिहिणार होते. आलं होतं. तुझी नोकरी त्याहून मोठी वाटली. तू सांगितलं होतंस की तसं वाटणाऱ्याने धंदा सोडावा. मी शनिवारी ॲप्रन धुऊन परत केला.

किती वाजले होते विचारतोस. पावणेदोन. चहाच्या टेबलाशी आम्ही दोघंच होतो, बाकीचे खिडकीशी. तुझं पाकीट माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं, हात त्याच्यावर होता. हॅलम माझ्यासमोर कप धरून उभा होता. आणि मी त्याला विचारलं, साखर किती.